शार्क बे : हजार माणसे आणि २५,००० चौरस किलोमीटर, कारभार चालतो कसा?

प्रश्न (एटापल्ली, जि. गडचिरोली)
आमचा जिल्हा १४,४१२ चौरस किलोमीटरचा आणि २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या पावणेअकरा लाखांच्या आसपास. तरीही वस्ती विरळ आणि अंतरे लांब, म्हणून रस्ता किंवा दवाखाना परवडत नाही, हे उत्तर मी ग्रामपंचायत सदस्या म्हणून सतत ऐकते. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावरची शार्क बे ही स्थानिक संस्था मात्र सुमारे २५,००० चौरस किलोमीटर सांभाळते आणि तिथे राहतात जेमतेम हजारभर माणसे. तिथे पैसा येतो कुठून?

उत्तर (चंद्रपूर)
ताई, मी भूगोल शिकवतो. तिथली कमाई मुख्यतः समुद्राची आहे. पाऊस अगदी कमी, ऊन-वारा भरपूर आणि उथळ खाडीचे पाणी मुळातच अधिक खारट, त्यामुळे यूसलेस लूप येथे १९६० च्या दशकापासून मिठागरे चालतात आणि मीठ जहाजाने थेट परदेशी जाते. वाळूच्या बांधामुळे जहाज आत नेता येईना, म्हणून फ्रेंच दर्यावर्दींनी ज्या बंदराला ‘निरुपयोगी’ (इंग्रजीत ‘यूसलेस’) म्हटले, तेच आज रोजगार देते, याचे मला फार अप्रूप वाटते.

दुसरा आधार पर्यटनाचा. १९९१ मध्ये हा परिसर जागतिक वारसा ठरला. मंकी मिया येथे डॉल्फिन गुडघाभर पाण्यात येतात. पण वनरक्षक मोजक्याच माद्यांना, सकाळीच आणि थोडेच मासे देतात, कारण आयते खाणाऱ्या माद्यांची पिल्ले फारशी जगत नव्हती. कोळंबी, शिंपले आणि खेकड्यांची मासेमारीही आहे. मात्र २०१०-११ च्या उन्हाळ्यात समुद्र तापला, सागरी गवताची कुरणे मोठ्या प्रमाणावर नष्ट झाली, आणि शिंपले व खेकडे पकडणे काही काळ बंद ठेवावे लागले.

उत्तर (कोरची)
सरांनी कमाई सांगितली, पण त्यातून संस्थेच्या तिजोरीत थोडेच येते. हजार माणसांच्या मालमत्ता करावर शेकडो किलोमीटरचे रस्ते राखता येत नाहीत. तेथील केंद्र सरकार राज्यांच्या अनुदान आयोगांमार्फत स्थानिक संस्थांना निधी देते, आणि वाटप करताना दुर्गमता व विरळ वस्ती यांमुळे वाढणारा खर्च हिशोबात धरला जातो. ताई, तुमच्या प्रश्नाचे खरे उत्तर मला इथे दिसते.

शिंपल्यांचे वाचून आमची तेंदूची फळी, म्हणजे तेंदूपाने गोळा करून वाळवण्याची जागा, डोळ्यांसमोर आली. मे महिन्यात ७० पानांचे पुडे उन्हात वाळत असताना अवकाळी सर आली की पाने काळी पडतात आणि घरातले वर्षाचे मोठे नगद उत्पन्न तासाभरात जाते. आपल्या पेसा गावांना (आदिवासी भागातील ग्रामसभांना विशेष अधिकार देणारा पेसा कायदा लागू असलेल्या गावांना) २०१५ पासून आदिवासी उपयोजनेतील ५ टक्के निधी थेट मिळतो, तो मोलाचा आहे; पण तो लोकसंख्येवर वाटला जातो, अंतरावर नव्हे.

प्रश्नकर्ती
दोघांचीही मनापासून आभारी आहे. आमच्या ग्रामपंचायतीतील प्रत्येक टोला (लहान वस्ती) मुख्य गावापासून किती किलोमीटर आहे आणि पावसाळ्यात किती दिवस तुटतो, याचा तक्ता ग्रामसभेच्या ठरावाला जोडण्याचे मी ठरवले आहे. कोरचीच्या भाऊंकडे असा नमुना असल्यास कृपया इथेच द्यावा.