सायलेन्सरवरचा पत्रा खडखडतोय, काढू का? इंजिन गार्डचंही सांगा

खाडीकाठ: गाडी 2016 ची, पेट्रोल हॅचबॅक. उभ्या गाडीत इंजिन चालू असलं की खालून पत्र्याची खडखड येते, ॲक्सिलरेटर दिला की थांबते. गॅरेजवाला म्हणतो, हीट शील्ड सैल झालंय, काढून टाकतो, काही बिघडत नाही. माझं मन घेत नाही. आम्ही गुहागरकडचे. घराकडची वाट जांभ्याची, मधोमध गवत. पावसाआधी इंजिन गार्ड (इंजिनखाली बसवतात ते संरक्षक कवच) आणि खालून गंजरोधक कोटिंगही करून घ्यायचंय. कोणता गार्ड घेऊ?

पाना१२: काढू नका हो! कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे सायलेन्सरच्या पाइपातला धूर शुद्ध करणारा डबा, चालत्या गाडीत 400 ते 800 अंशांपर्यंत तापतो. तो पत्रा वरच्या फ्लोअरला, वायरिंगला आणि खालच्या गवताला त्या आचेपासून वाचवतो. बहुतेक वेळा पत्रा धड असतो, बोल्टाभोवतीचं भोक तेवढं गंजून मोठं होतं. गाडी पूर्ण गार झाल्यावर रॅम्पवर घ्या, पत्र्यावर मूठ आपटा, कुठे वाजतोय ते लगेच कळेल. तिथे रुंद स्टेनलेस वायसर घाला. पत्रा पाइपाला गुंडाळलेला असेल तर स्टेनलेसची मोठी होज क्लिप आवळा. शंभर-दोनशे रुपयांत काम होतं. नुसत्या जॅकवर गाडी उचलून खाली शिरू नका, एवढं ऐका.

माळरान: गवताचं म्हणाल तर माझा अनुभव. आमच्या सोलापूर भागात मळणीला हुलगे, तूर रस्त्यावरच अंथरतात. एकदा त्यावरून गाडी घातली आणि पुढे जळका वास यायला लागला. थांबून वाकून बघितलं तर पत्रा आणि पाइपाच्या फटीत काड ठासून बसलेलं, कडेने काळं पडलेलं. काठीने ओढून काढलं तेव्हा हात थरथरत होते. मुलं मागच्या सीटवर झोपली होती. तेव्हापासून अशा रस्त्यावरून गेलो की उतरून खाली बघतोच.

पाना१२: आता गार्ड. कंपनीचा प्लास्टिकचा असतो तो चिखल-पाणी अडवतो, दगड लागला तर चेंबर (इंजिनखालची ऑइलची टाकी) फुटायचा तो फुटतोच. जांभ्याच्या वाटेला 2-3 मिमी लोखंडी घ्या, पावडर कोटिंग केलेला. ॲल्युमिनियम हलका, पण खाऱ्या हवेत लोखंडी बोल्टाला टेकला की त्या जागी खाल्ला जातो. मूळ बोल्टांवरच बसणारा बघा, चासीला नवं भोक किंवा वेल्डिंग करू देऊ नका. ऑइल ड्रेनखाली (जुनं ऑइल काढायच्या बोल्टाखाली) भोक आणि हवेला फटी हव्यात, नाहीतर दर सर्व्हिसला अख्खा गार्ड उतरवावा लागेल.

खाडीकाठ: आणि कोटिंग?

पाना१२: आधी खालून पाण्याने मीठ धुवा, दोन दिवस कडक उन्हात सुकवा, गंज घासून काढा. ओल्या गंजावर मारलंत तर आतल्या आत कुजतं. सायलेन्सर, हीट शील्ड, ब्रेक आणि ॲक्सलचे रबरी बूट झाकायला लावा. दाराखालच्या पट्टीतली पाणी निघायची भोकं बुजवू देऊ नका, तिथे स्वतः उभे राहा.

खाडीकाठ: पत्र्याचं झालं दादा. दोन वायसर, एक क्लिप. खडखड बंद! जुना वायसर बोटात धरला तर चुरा झाला. गार्डचं माप घेऊन आलोय, कोटिंग पुढच्या रविवारी.