ऊस फवारणीत बिनपरवाना ड्रोनवाले एकरी ३०० ला काम घेताहेत, दर उतरवायचा का?

उसाचा_फड (पलूस)
पलूस-वाळवा पट्ट्यात ऊस फवारणीचं काम आहे. १० लिटरचा टाइप सर्टिफिकेटवाला (सरकारमान्य मॉडेलचा) ड्रोन, यूआयएन (ड्रोनचा नोंदणी नंबर), स्मॉल रोटरक्राफ्टचं (छोट्या, पंख्यावर उडणाऱ्या ड्रोनचं) रिमोट पायलट सर्टिफिकेट, थर्ड पार्टी विमा, सगळं जागच्या जागी. दर एकरी ५००, औषध शेतकऱ्याचं. यंदा सुटे भाग जोडून केलेले १० आणि १६ लिटरचे ड्रोन घेऊन पोरं फिरताहेत. ना नंबर, ना सर्टिफिकेट, दर ३००. शेतकरी विचारतो, "औषध माझं, पाणी माझं, मग वरचे दोनशे कशाचे?" ३०० ला परवडतं का, तक्रार करून काही हाती लागतं का, आणि शेतकऱ्याला फरक दाखवायचा कसा?

लिपो_१२एस
नाही परवडत, पण त्यांना ते दुसऱ्या हंगामात कळतं. समजा बॅटरीची जोडी ४५ हजारांना पडली आणि ३०० चार्ज टिकली. चार्जमागे १५० रुपये झाले. एका चार्जवर दीड एकर धरा, म्हणजे एकरी १०० रुपये नुसती बॅटरी खाते. जनरेटरचं पेट्रोल, पिकअपचं डिझेल, टाकी भरणाऱ्या गड्याची हजेरी त्यावर. मोटर, पंप, पात्यांची झीज अजून धरलीच नाही.

शिवाय घाईत गरम बॅटरी तशीच चार्जला लावतात, ती फुगते. भरल्या टाकीचं वजन उचलताना फुगलेल्या बॅटरीचं व्होल्टेज एकदम खाली बसतं आणि ड्रोन थेट उसात. तुम्ही दर उतरवलात तर तुम्हालाही हेच करावं लागेल.

नोझल_आणि_बादली
बॅटरीत जातं ते हे ३०० वाले पाणी कमी मारून काढतात. शेतकऱ्याला दाखवायचं ते हेच.

सेकंदाला ४ मीटर वेग आणि ४ मीटर पट्टा धरला तर मिनिटाला ९६० चौरस मीटर होतं, म्हणजे साडेनऊ गुंठे. एकरी १० लिटर पाणी बसवायचं तर पंपाने मिनिटाला २.४ लिटर सोडलं पाहिजे. आता वेग ८ केला आणि पंप तेवढाच ठेवला, की एकरी ५ लिटरच पडतं. वरून उंची वाढवून "पट्टा सहा मीटरचा येतो" असं सांगतात, त्यात आणखी पातळ होतं. आठ दिवसांनी शेतात पिवळ्या-हिरव्या पट्ट्या दिसतात आणि दोष औषधाच्या दुकानदाराला जातो.

शेतकऱ्यासमोर दोन गोष्टी करा. नोझलखाली मापाची भांडी धरून एक मिनिट पंप चालवा, बेरीज सांगा. एखादं नोझल बाकीच्यांपेक्षा १० टक्क्यांहून कमीजास्त देत असेल तर बदला. मग पाण्याने निळा होणारा पिवळा कागद वरच्या पानावर, मधल्या पानावर आणि एक पानाच्या खालच्या बाजूला टाचणीने लावा. साधं पाणी भरून एक फेरी मारा. वरचा कागद ठिपक्यांनी भरलेला आणि मधला कोराच निघाला तर पिकापासूनची उंची दोन-अडीच मीटरवर आणा, वेग कमी करा. हे कागद त्याच्याच हातात द्या, ३०० वाल्याकडून तो स्वतःच मागेल.

नियम_वाचा
तक्रारीबद्दल. ड्रोन नियम, २०२१ प्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतचा नॅनो सोडला तर व्यावसायिक कामाला सर्टिफिकेट लागतंच. दंडाची मर्यादा एक लाख रुपये. पण पोलीस ठाण्यात "बिनपरवाना आहे" एवढंच सांगून काही हलत नाही. ड्रोनवर यूआयएन नसल्याचा फोटो, तारीख, गट नंबर असं लेखी द्या आणि प्रत तालुका कृषी अधिकाऱ्याला द्या.

एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. स्मॉल वर्ग २५ किलोपर्यंत, आणि ते वजन भरल्या टाकीसकट. १६ लिटरचा ड्रोन भरला की २५ च्या पुढे जातो, म्हणजे मिडियम वर्गात. एखाद्याने स्मॉलचं सर्टिफिकेट दाखवून १६ लिटरचा उडवला तरी तो बिनपरवानाच ठरतो. तुमचं सर्टिफिकेट कोणत्या वर्गाचं, हे दरपत्रकावरच छापा.

विम्याचंही सांगा. ड्रोनच्या थर्ड पार्टी विम्याला आणि भरपाईला मोटार वाहन कायद्याच्या तरतुदी लागू होतात. लायसन्स नसलेल्या ड्रायव्हरच्या अपघाताचं काय होतं ते कुठल्याही गावात समजावून सांगावं लागत नाही.

बागेच्या_बांधावर
ऊस आणि द्राक्षबाग एका बांधावर असेल तिथे विम्याचं पटतंच. उसातल्या तणाला टू-फोर-डी हे तणनाशक मारलं आणि ते बागेवर गेलं की नवी पानं पंख्यासारखी आवळतात, शिरा जवळजवळ येतात, शेंडा पिळतो. कपाशीचं पान भेंडीच्या पानासारखं फाटतं. हे वाऱ्यानेच होतं असं नाही. पहाटे हवा अगदी थांबलेली असते तेव्हा बारीक थेंब खाली बसतच नाहीत, चुलीच्या धुरासारखे आडवे पसरत जातात.

दुसरं कारण टाकी. काल तणनाशक आणि आज बागेत बुरशीनाशक, मध्ये नुसती विसळलेली टाकी. पाईप, फिल्टर आणि नोझलच्या जाळीत राहिलेलं औषध पुरेसं असतं. अमोनियाचं पाणी रात्रभर भरून ठेवायचं, पंप चालवून पाईपातही न्यायचं आणि मग तीनदा स्वच्छ पाण्याने धुवायचं. खरं तर तणनाशकाला टाकी-पंपाचा वेगळा संचच ठेवावा.

गटाचा_हिशोब
स्वस्त तो बिनपरवाना असं धरू नका. केंद्राच्या नमो ड्रोन दीदी योजनेत महिला बचत गटांना ड्रोनच्या किमतीच्या ८० टक्के, कमाल ८ लाख रुपये मिळतात. त्यांच्याकडे प्रशिक्षणही असतं आणि कागदही. त्यांचा दर कमी येतो कारण भांडवलाचा बोजा कमी आहे. त्यांच्याविरुद्ध तक्रार करायला जाल तर तोंडघशी पडाल. उलट सुगीत त्यांच्याशी गावं वाटून घ्या.

उसाचा_फड (पलूस)
दर ५०० च ठेवतो. बिलावर यूआयएन, एकरी लिटर, वेग, उंची आणि वाऱ्याचा आकडा लिहायला सुरुवात करतो. एकच उरलं. बागेला लागून असलेल्या उसात टू-फोर-डी मारायला सांगितलं तर किती अंतर सोडायचं?

बागेच्या_बांधावर
अंतराचा आकडा देत नाही, कारण आकडा मिळाला की माणूस तेवढंच सोडून मारतो. शेजारी द्राक्ष किंवा कपाशी असेल तर टू-फोर-डी ड्रोनने मारूच नका. ते काम पाठीवरच्या पंपाला, नोझलवर हुड (झाकण) लावून. बाकी औषधांना वारा सेकंदाला ३ मीटरच्या वर गेला की थांबा, आणि वारा बागेकडे असेल तर ३ च्या आतही नको.