‘श्वेत’, ‘व्हाइट’ आणि शेवटच्या ‘त’चे कोडे

प्रश्न (राजारामपुरी, कोल्हापूर)
नमस्कार. आद्य-जर्मानिक भाषेत, म्हणजे इंग्रजी, जर्मन, डच यांच्या पूर्वज भाषेत, ‘पांढरा’ या अर्थाचे ‘*ह्वीतझ्’ हे विशेषण असावे आणि इंग्रजी ‘व्हाइट’ त्यातूनच आला, असे अभ्यासक मानतात. तारकाचिन्हाचा अर्थ असा, की हा शब्द लिहिलेला कोठेही सापडत नाही. पुढच्या भाषांवरून मागे जात तो सिद्ध केलेला आहे. तो आपल्या ‘श्वेत’चा भाऊबंद मानला जातो. ‘श’च्या जागी तिकडे ‘ह’ येतो हे ‘शत’ आणि ‘हंड्रेड’, ‘श्वान’ आणि ‘हाउंड’ या जोड्यांवरून पटते. माझे अडते ते ‘त’पाशी. जर्मन भाषाशास्त्रज्ञ याकोब ग्रिमने १८२२ मध्ये मांडलेल्या नियमाप्रमाणे ‘त्रि’चा ‘थ्री’ आणि ‘तनु’चा ‘थिन’ होतो, तर येथेही ‘थ’ का नाही?

उत्तर (शाहूपुरी)
हा ‘त’ मूळचा उरलेला नसून नव्याने तयार झालेला आहे. मूळ धातू ‘द’कारान्त होता असे काहीजण म्हणतात, कारण ‘दश’चा ‘टेन’ होतो, म्हणजे मूळ ‘द’च्या जागी जर्मानिकमध्ये ‘त’ येतो; परंतु भारतीय, इराणी आणि स्लाव्ह शाखांत सर्वत्र ‘त’च दिसत असल्यामुळे ते मला ओढूनताणून जुळवलेले वाटते. जर्मन भाषाशास्त्रज्ञ फ्रीड्रिख क्लूगेने १८८४ मध्ये सुचवलेला मार्ग अधिक सरळ आहे: धातूला ‘न’ प्रत्यय लागला, ‘त्न’चा ‘त्त’ झाला आणि दीर्घ स्वरापुढे त्यातील एकच ‘त’ टिकला. ‘पांढरा’ या अर्थाच्या डच ‘वित’मधील ऱ्हस्व स्वर हा त्या जोडाक्षराचा माग आहे, आणि मला तोच निर्णायक वाटतो.

उत्तर (मंगळवार पेठ)
वंशजांविषयी थोडी भर घालतो. गॉथिक ‘ह्वीत्स’, प्राचीन नॉर्स ‘ह्वीत्र’ आणि जुने इंग्रजी ‘ह्वीत’ ही सख्खी भावंडे. जर्मनमध्ये मात्र त्याच ‘त’चा पुढे ‘स’ होऊन ‘वाइस’ झाले. इंग्रजी ‘व्हीट’, म्हणजे गहू, हाही याच घराण्यातला, कारण पिठाच्या पांढरेपणावरून धान्याला नाव पडले.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. डच शब्दाचा पुरावा माझ्या ध्यानात आलाच नव्हता. मग आपला ‘सफेद’ याच कुळातला म्हणावा काय?

उत्तर (शाहूपुरी)
होय. तो फारसीतून मराठीत आला, आणि अवेस्ता या पारशी धर्मग्रंथातील ‘स्पएत’ हा त्या फारसी शब्दाचा भाऊबंद. आपल्या रोजच्या बोलण्यातला ‘पांढरा’ मात्र या कुळातला नाही, तो ‘पाण्डुर’पासून आलेला आहे, त्यामुळे रश्श्याचा पांढरा आणि गावठाणाची ‘पांढरी’ या दोहोंचे ‘व्हाइट’शी नाते लावता येत नाही.