सायकलची ३९ काढून ३४ टाकण्याआधी बोल्ट बघा
सिंहगडाच्या चढासाठी पुढच्या ५३/३९ दातांच्या जोडीतली ३९ काढून ३४ ची चेनरिंग (पेडलजवळची दातेरी चकती) टाका असं एकाने सुचवलंय, पण जुन्या १३० बीसीडीच्या (रिंगचे बोल्ट ज्या वर्तुळावर बसतात त्याचा व्यास, मिमीमध्ये) क्रँकवर, म्हणजे पेडलच्या दांड्यावर, ते जमतच नाही, त्यावर ३८ च्या खाली रिंग बसत नाही. ३४ हवी तर ११० वाला अख्खा क्रँकसेट घ्या, म्हणजे खिशाला चाट. मी त्याऐवजी मागची ११-२८ कॅसेट (मागच्या चाकावरचा दातेरी चकत्यांचा संच) काढून ११-३२ टाकली, आणि हिशोब करून बघा, पेडलच्या एका फेरीत चाकाच्या फेऱ्या ३९/३२ म्हणजे १.२२ आणि ३४/२८ म्हणजे १.२१, चढावर फरक कळतसुद्धा नाही आणि पुढची ५३ तशीच राहते.

फक्त मागचा डिरेलर (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणारा) बघून घ्या, जुने शॉर्ट केजवाले, म्हणजे चेन ताणून धरणारा खालचा हात आखूड असलेले, बरेचसे २८ दातांपर्यंतच, मला मीडियम केजचा घ्यावा लागला. आणि चेन! मेकॅनिकने जुनीच ठेवली होती, स्टँडवर पुढे मोठी मागे मोठी टाकली तर केज पार पुढे ताणली जाऊन पेडलच अडकलं. नशीब हाताने फिरवत होतो, घाटात झालं असतं तर हँगर (डिरेलर फ्रेमला धरणारा तुकडा) गेलाच होता. मग लांब चेन टाकली. सपाटीवर मात्र ११-३२ च्या गिअरमधल्या मोठ्या उड्या जाणवतात, वारा समोरून असला की जास्तच.