मदत हवी आहे: स्टिफनेस आणि स्ट्रेंथ यात नेमका फरक काय?

नमस्कार मंडळी,

मी भोसरीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये ड्रॉइंगचं काम बघते. कन्व्हेयरचा माइल्ड स्टीलचा शाफ्ट आहे, ४० मिमी व्यासाचा. लोड आला की मधोमध झुकतो, लोड काढला की पुन्हा सरळ. ग्राहकाने मेलमध्ये 'स्टिफनेस वाढवा' असं लिहिलंय. आमच्याकडे त्याचा अर्थ 'जास्त स्ट्रेंथचं मटेरियल घ्या' असा लावून ईएन २४ या अलॉय स्टीलचा हार्डन केलेला शाफ्ट करायचं ठरतंय. मला ते पटत नाही. शाफ्ट सरळ होतोय म्हणजे यील्डच्या (ज्यापुढे कायमचा वाक राहतो त्या मर्यादेच्या) आतच आहे ना? मग महागडं स्टील घेऊन काय फरक पडेल? शिवाय मशीन सुरू होताना झटके बसतात, तेव्हा हार्डनेस वाढवावा का, हीही शंका आहे. सोमवारी साहेबांना सांगायचंय, कृपया मदत करा.

प्रतिसाद:
ताई, तुमचं बरोबर आहे. स्टिफनेस म्हणजे लोडखाली कमी झुकणं, स्ट्रेंथ म्हणजे कायमचं न वाकता लोड सोसणं. मटेरियलपुरतं झुकणं ठरतं यंग्ज मॉड्युलसवर (मटेरियलच्या ताठपणाचं माप), आणि तो माइल्ड स्टीलचा काय नि ईएन २४ चा काय, २०० ते २१० गिगापास्कलच. हीट ट्रीटमेंटनेही जवळपास हलत नाही. वाढते ती यील्ड स्ट्रेंथ. माइल्ड स्टीलची २५० मेगापास्कलच्या आसपास असते, ईएन २४ ची त्याच्या दुपटीहून जास्त मिळते. म्हणजे नवा शाफ्ट कायमचा वाकायला जास्त लोड लागेल, पण आजच्या लोडला तो तेवढाच झुकेल.

व्यास वाढवा. डिफ्लेक्शन (झुकणं) व्यासाच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतं, त्यामुळे ४० चा ५० केलात तर झुकणं निम्म्याहून कमी होईल. साहेबांना हा एकच हिशेब दाखवा.

हार्डनेस लागतो झीज रोखायला. झटके सोसायला टफनेस लागतो, म्हणजे तुटण्याआधी किती ऊर्जा पचवतो ते. क्वेंच करून (तापवून झटकन थंड करून) टेंपरिंग (पुन्हा बेताने तापवणं) नीट केलं नाही तर शाफ्ट कडक होईल पण ठिसूळ राहील. बेअरिंगची किंवा सीलची जागा झिजत असेल तर तेवढ्याच भागाला इंडक्शन हार्डनिंग (विजेच्या कॉइलने पृष्ठभाग तापवून कडक करणं) करा.

धागाकर्ती:
खूप आभार! टोकं ४० चीच ठेवून फक्त मधला भाग ५० चा केला तर? बेअरिंग बदलायला नकोत.

प्रतिसाद:
चालेल. टोकांजवळ बेंडिंग मोमेंट (वाकवणारा जोर) कमी असतो, त्यामुळे बराचसा फायदा टिकतो. फक्त पायरीच्या कोपऱ्याला जमेल तेवढी मोठी फिलेट रेडियस (कोपऱ्याची गोलाई) द्या, नाहीतर फटीग क्रॅक (वारंवारच्या लोडने पडणारी भेग) तिथूनच सुरू होईल.