डीटीएच खात्यावर न घेतलेला दुसरा बॉक्स, शिवाय बँकेतून गेलेले १,४९९ रुपये: दाद कशी मागावी?

प्रश्न: साखर पेठेची लेक

नमस्कार. माझे वडील सोलापुरात साखर पेठेत एकटे राहतात. चाळीस वर्षे यंत्रमागावर टॉवेल विणून ते आता घरी बसले आहेत आणि दिवसभर त्यांना सोबत टीव्हीचीच असते. डीटीएचचे एकच कनेक्शन आहे. आमच्या घरात तेलुगू बोलतात, म्हणून मराठी आणि तेलुगू वाहिन्यांचा पॅक त्यांनी निवडला आहे आणि त्याचे करांसह महिन्याला ३३३ रुपये ९४ पैसे होतात. वडील ३५० रुपयांचा रिचार्ज करून घेतात आणि त्याची तारीख भिंतीवरच्या दिनदर्शिकेत दुधाच्या खाड्यांशेजारी पेन्सिलीने लिहून ठेवतात. "हल्ली रिचार्ज लवकर संपतो गं" असे ते अधूनमधून म्हणत असत, पण दर वाढले असतील असे समजून मी लक्ष दिले नाही, याचे मला आज फार वाईट वाटते. गेल्या रविवारी दिनदर्शिकेची पाने मागे उलटून पाहिली तेव्हा कळले की महिनाभर पुरणारा रिचार्ज पाच महिन्यांपासून बावीस दिवसांतच संपतो आहे.

कंपनीच्या ॲपवर खाते उघडले तर त्यावर दोन बॉक्स दिसले. दुसऱ्या बॉक्सवर नेटवर्क कपॅसिटी फी (वाहिन्या घरापर्यंत पोहोचवण्याचे मासिक शुल्क) ५२ रुपये, कन्नड वाहिन्यांचा पॅक ६५ रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे महिन्याला १३८ रुपये ६ पैसे लागत होते. वडिलांचा बॉक्स उलटा केला, धूळ पुसली आणि मोबाइलच्या उजेडात तळाच्या चिठ्ठीवरचा क्रमांक वाचला. तो पहिल्या बॉक्सशी तंतोतंत जुळला, पण दुसऱ्या क्रमांकाचा बॉक्स या घरात कधी आलेलाच नाही. कस्टमर केअरला विचारले तर सोलापूर सीमेवर असल्यामुळे पुष्कळ लोक कन्नड पॅक घेतात, तुमच्याही घरात कोणीतरी घेतला असेल, असे उत्तर मिळाले.

याच्या जोडीला आणखी एक गोष्ट घडली आहे. बारा दिवसांपूर्वी वडिलांना एक फोन आला होता. बोलणाऱ्याला त्यांचा ग्राहक क्रमांकही माहीत होता आणि रिचार्जची तारीखही. बॉक्सची वॉरंटी आज संपते, ती वाढवली नाही तर टीव्ही बंद होईल, असे सांगून त्याने मोबाइलवर एक विनंती पाठवली. वडिलांनी पिन टाकला आणि १,४९९ रुपये गेले. हे त्यांनी मला कालपर्यंत सांगितले नव्हते. या दोन्ही रकमा परत मिळतील का, आणि सुरुवात कुठून करावी?

उत्तर १: अक्कलकोट रोडवरून

ताई, मी बारा वर्षे एका डीलरकडे छत्र्या आणि बॉक्स बसवण्याचे काम केले आहे, म्हणून पहिल्या गोष्टीबद्दल थोडे खात्रीने सांगू शकतो. तुम्ही लिहिलेला ५२ हा आकडाच पुष्कळ काही सांगून जातो. पहिल्या टीव्हीच्या १३० रुपये नेटवर्क फीचे ४० टक्के बरोबर ५२ होतात. २०२० मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, असा नियम केला होता की एकाच घरातल्या दुसऱ्या टीव्हीसाठी नेटवर्क फी पहिल्याच्या ४० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येणार नाही. २०२४ च्या दुरुस्तीत या फीची कमाल मर्यादा काढून टाकली, त्यामुळे आज कंपनीगणिक दर निरनिराळे दिसतील. तुमच्या कंपनीने मात्र दुसऱ्या टीव्हीचा जुना हिशेबच ठेवलेला दिसतो. याचा अर्थ कोणीतरी वेगळ्याच घरातला बॉक्स तुमच्या वडिलांच्या घरातला दुसरा टीव्ही म्हणून नोंदवला आहे. नवीन ग्राहकाकडून दरमहा रोख पैसे घ्यायचे आणि त्याचा बॉक्स एखाद्या वयस्कर, हिशेब न पाहणाऱ्या माणसाच्या खात्याला जोडून द्यायचा, हा प्रकार मी डोळ्यांनी पाहिलेला आहे. ते काम सोडण्याचे एक कारण तेही होते.

बॉक्स आधी बंद करून घेऊ नका, आधी पुरावा हातात घ्या. खात्यावर दोन्ही बॉक्स दिसतात त्या पानाचे, तसेच दररोज कापल्या जाणाऱ्या रकमेचे स्क्रीनशॉट काढा आणि आपल्या बॉक्सच्या तळाच्या चिठ्ठीचा फोटोही काढून ठेवा, कारण एकदा दुसरा बॉक्स खात्यावरून निघाला की ॲपवर त्याचा मागमूस राहत नाही. त्यानंतर कंपनीला ईमेलने लिहा की दुसरा बॉक्स कोणत्या तारखेला, कोणत्या डीलरच्या लॉगिनवरून आणि कोणत्या पत्त्यावर सुरू झाला, त्याचा ग्राहक अर्ज कुठे आहे आणि वडिलांची संमती कशी घेतली, हे सर्व आम्हाला कळवावे. ग्राहकाने मागितल्याशिवाय वाहिन्या किंवा सेवा खात्यावर चढवता येत नाहीत, त्यामुळे संमती दाखवण्याची जबाबदारी त्यांच्यावर येते. "घरात कोणीतरी घेतला असेल" हे त्याचे उत्तर होऊ शकत नाही.

तक्रार क्रमांक मिळाल्याशिवाय फोन खाली ठेवू नका. ट्रायच्या २०१७ च्या सेवा गुणवत्ता नियमांनुसार बिलाबद्दलच्या तक्रारीचे निवारण सात दिवसांत आणि परतावा तक्रारीपासून तीस दिवसांत व्हायला हवा. तेवढ्यात काम झाले नाही तर कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे, म्हणजे न सुटलेल्या तक्रारी पाहणाऱ्या वरच्या अधिकाऱ्याकडे जा. त्यांचा पत्ता आणि ईमेल संकेतस्थळावर असतो, टीव्हीवर ९९९ क्रमांकाच्या वाहिनीवरही ग्राहकांसाठीची माहिती मिळते. पुष्कळ लोक थेट ट्रायला पत्र लिहितात आणि वाट पाहत बसतात, पण ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही.

एक विनंती आहे. ज्या घरी तो बॉक्स आहे ती माणसे चोर आहेत असे धरून चालू नका. बहुतेक वेळा त्यांनी डीलरला प्रामाणिकपणे पैसे दिलेले असतात.

उत्तर २: जुळे सोलापूर, निवृत्त बँक कर्मचारी

मी फक्त १,४९९ रुपयांबद्दल लिहितो, कारण ही रक्कम डीटीएच कंपनीच्या हिशेबात आलेलीच नाही आणि दोन्ही तक्रारी एका अर्जात घातल्या तर दोन्हीकडून टोलवाटोलवी होते.

हे वाचताक्षणी वडिलांचे यूपीआय ॲप उघडा आणि ऑटोपे किंवा मॅन्डेट या नावाखाली काय आहे ते पाहा. एका वेळचे पैसे देत आहोत असे माणसाला वाटते, पण प्रत्यक्षात त्याने दरमहा किंवा दर तिमाहीला पैसे कापण्याची परवानगी दिलेली असते. १५,००० रुपयांपर्यंतच्या पुढच्या कपातींना पुन्हा पिन लागत नाही. कपातीच्या चोवीस तास आधी संदेश येतो खरा, पण वयस्कर माणसाच्या फोनवर तो जाहिरातींच्या संदेशांत हरवतो. मॅन्डेट असेल तर तिथल्या तिथे रद्द करा आणि रद्द केल्याचे पान जपून ठेवा.

त्यानंतर १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर ती पूर्ण करा. बारा दिवस उलटले आहेत. पहिल्या काही तासांत कळवले असते तर पैसे पुढच्या खात्यातच अडवता येण्याची शक्यता बरीच जास्त होती, हे तुमच्यापासून लपवण्यात अर्थ नाही. तरीही तक्रार कराच, कारण तिच्या पावतीशिवाय बँकेतली पुढची चर्चा दुबळी राहते.

बँकेत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाचा दाखला अनेकजण देतात आणि तीन दिवसांत कळवले की सगळे पैसे परत मिळतात असे सांगतात. हे अर्धेच खरे आहे. ग्राहकाची चूक नसताना, तिसऱ्या कोणामुळे व्यवहार झाला आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर ग्राहकावर भार येत नाही. वडिलांनी पिन स्वतः टाकला असल्यामुळे हा व्यवहार तुम्हीच मंजूर केला असे बँक म्हणेल. मात्र कळवल्यानंतर झालेल्या नुकसानाची जबाबदारी बँकेवर जाते, आणि ग्राहकाची चूक होती हे सिद्ध करण्याचा भारही तिच्यावरच असतो. म्हणून अर्जात फोन कसा आला, काय सांगून फसवले आणि कोणत्या नावाने पैसे गेले, हे सविस्तर लिहा. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते.

वडिलांना रागावू नका, ताई. माझ्या काउंटरवर अशी माणसे कितीतरी वेळा आली आहेत, आणि पैशांपेक्षा घरात बोलणी बसतील या भीतीनेच ती उशिरा आलेली असत.

साखर पेठेची लेक

दोघांचेही मनापासून आभार. वडिलांच्या फोनवर खरोखरच तिमाही मॅन्डेट निघाले, ते त्याच दिवशी रद्द केले. १९३० वर तक्रार नोंदवली आणि बँकेकडून अर्जाची पोच घेतली. डीटीएच कंपनीने सातव्या दिवशी दुसरा बॉक्स चुकून जोडला गेल्याचे मान्य केले आणि पाच महिन्यांचे ६९० रुपये ३० पैसे देण्याचे कबूल केले, पण ते बँकेत न देता डीटीएच खात्यात जमा करू असे म्हणत आहेत. तक्रार बंद करण्यासाठी मोबाइलवर आलेला ओटीपीही मागत आहेत. बॉक्स कोणी जोडला, याबद्दल मात्र एक शब्दही नाही. काय करावे?

उत्तर ३: होटगी रोडवरून

रक्कम प्रत्यक्ष जमा झालेली दिसेपर्यंत तक्रार बंद करण्याचा ओटीपी देऊ नका. वडील हीच सेवा पुढे वापरणार असतील तर खात्यात जमा घेण्यात मला फारशी अडचण वाटत नाही, कारण दोन महिन्यांचा रिचार्ज त्यात निघतो. परंतु "चुकून" या शब्दावर मात्र समाधान मानू नका. वडिलांचा ग्राहक क्रमांक आणि रिचार्जची तारीख फसवणाऱ्याला माहीत होती असे तुम्ही लिहिले आहे. ती माहिती या डीलरकडून गेली असे म्हणण्याइतका पुरावा आपल्याकडे नाही, पण खाते कोणी उघडून पाहिले हे विचारण्याचा हक्क तुम्हाला नक्कीच आहे. नोडल अधिकाऱ्याला पुढील मजकूर पाठवा.

"माझ्या खात्यावर माझ्या संमतीशिवाय दुसरा बॉक्स जोडून पाच महिने रक्कम कापण्यात आली, हे आपण मान्य केले आहे. परताव्याची रक्कम मी स्वीकारत आहे, मात्र त्यामुळे माझी तक्रार संपत नाही. बॉक्स जोडणाऱ्या डीलरवर कोणती कारवाई केली आणि माझ्या नोंदणीकृत क्रमांकावर ओटीपी न येता हे कसे घडले, याचे लेखी उत्तर द्यावे."

उत्तर न आल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. तेथून प्रकरण कंपनीकडे जाते आणि पुष्कळदा तेवढ्यानेच काम होते. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणून कंपनीचे कार्यालय दिल्लीत असो की मुंबईत, सोलापूरच्या आयोगापुढे तिला उत्तर द्यावे लागते. दिलेल्या मोबदल्याची रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. सातशे रुपयांसाठी आयोगात कशाला जायचे, असे लोक तुम्हाला म्हणतील. माझ्या मते वयस्कर माणसांच्या खात्यांवर अशा रकमा चढतात त्या नेमक्या याच हिशेबावर, की एवढ्यासाठी कोणी येणार नाही.

साखर पेठेची लेक

मजकूर जसाच्या तसा पाठवला. दरम्यान एक वेगळीच गोष्ट घडली. बॉक्स बंद झाल्यावर डीलरकडच्या मुलाचा मला फोन आला, की विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीतल्या एका घरचा टीव्ही बंद पडला आहे, तुम्ही तेवढा परत सुरू करून द्या. मी त्याच्याबरोबर त्या घरी गेले. त्या बाई विड्या वळतात, घरात कन्नड बोलतात आणि दर महिन्याला २५० रुपये रोख डीलरला देत होत्या. पावती म्हणून त्यांनी वहीच्या फाडलेल्या पाच कागदांवरच्या सह्या मला दाखवल्या. त्यांच्या नावाने कनेक्शनच नाही, हे त्यांना माझ्याकडून कळले, आणि त्यांचा चेहरा पाहून मला काय बोलावे ते सुचेना.

६९० रुपये ३० पैसे काल वडिलांच्या खात्यात जमा झाले. १,४९९ रुपयांचे उत्तर बँकेकडून अजून आलेले नाही, तिसावा दिवस उलटला की लोकपालाकडे अर्ज करणार आहे. डीलरबद्दलची तक्रार आता मी आणि त्या बाई मिळून १९१५ वर नोंदवली आहे, आणि त्यांच्या पाचही कागदांचे फोटो तिला जोडले आहेत.