चार महिन्यांच्या शिंगराच्या मागच्या पायाला खोल जखम: पट्टी टिकत नाही, मांस वर येतंय

रानवाट

घोडीचं शिंगरू चार महिन्यांचं, अजून आईचं दूध पितं. नऊ दिवसांपूर्वी मागचा उजवा पाय कुंपणाच्या तारेत अडकला. हॉकच्या (मागच्या पायाच्या मधल्या मोठ्या सांध्याच्या) खाली चार बोटांवर, नळीच्या (त्याखालच्या लांब हाडाच्या) पुढच्या अंगाला तळहाताएवढं कातडं सोलून लोंबत होतं आणि मधे दोन बोटं हाड उघडं पडलं होतं. डॉक्टर तीन तासांत पोचले. सलाईनने धुतलं, मेलेला भाग कापला, वरच्या कडेला चार टाके घातले, धनुर्वाताची लस आणि अँटिटॉक्सिन दिलं. पाच दिवस पेनिसिलिन आणि जेंटामायसिन ही प्रतिजैविकं झाली. पुढची कंडरा (स्नायू हाडाला जोडणारी दोरी) तुटली आहे, सांधा वाचला आहे, असं त्यांचं निदान.

आता आठवड्यातून त्यांची एक फेरी, मधलं सगळं घरच्यांनी करायचं. पट्टी दुसऱ्या दिवशी घसरून घोट्यावर (खुराच्या वरच्या सांध्यावर) गोळा होते. जखम आधीपेक्षा मोठी दिसते. खालच्या कडेला लालभडक मांस वर यायला लागलंय. चालताना घोटा पुढे मुडपतो. पट्टी कशी टिकवायची, धुवायचं किती, आणि बाहेर कधी सोडायचं?

पागा_१२

आधी पट्टीचं बघू, कारण घसरलेली पट्टी ही नसलेल्या पट्टीपेक्षा वाईट. गोळा झालेली कड कंडरेवर दोरीसारखी रुतते आणि शिंगराचं कातडं इतकं पातळ की एका रात्रीत घाव पडतो.

हॉकच्या इतक्या जवळच्या जखमेला नुसती नळीवरची पट्टी पुरत नाही. दोन मजले करा. पहिली पट्टी खुराच्या वरच्या कडेपासून हॉकच्या खालपर्यंत, दुसरी तिच्यावर दोन-तीन इंच चढवून हॉकच्या वरपर्यंत. खालची पट्टी वरचीला टेकू देते.

जखमेवर पॅराफिन गॉझ किंवा न चिकटणारी ड्रेसिंग, ती हलू नये म्हणून मऊ गॉझ बँडेजचे दोन वेढे. मग कापसाचा रोल, दाबल्यावरही बोटभर जाड राहील इतका. त्यावर क्रेप आणि शेवटी स्वतःला चिकटणारं लवचिक बँडेज. प्रत्येक वेढा आधीच्यावर निम्मा चढला पाहिजे. बाहेरच्या अंगाने पुढून मागे गुंडाळत जा, म्हणजे उजव्या पायाला वरून पाहता घड्याळाच्या दिशेने. ताण सगळीकडे सारखा ठेवा. कापूस वर-खाली बोटभर बाहेर दिसत राहू दे, लवचिक बँडेजची कड थेट कातड्यावर येता कामा नये. बांधून झाल्यावर वरच्या कडेत एक बोट जेमतेम शिरलं की ताण बरोबर. पातळ कापसावर घट्ट ओढलेलं बँडेज हीच सगळ्यात जास्त होणारी चूक.

हॉकच्या मागच्या टोकावर दाब नको. तिथे पट्टीला उभी चीर देऊन टोक मोकळं ठेवा, आणि वरच्या जाड कंडरेच्या दोन्ही बाजूंना कापसाच्या वळकट्या भरा.

सध्या दर दुसऱ्या दिवशी बदला. पण पट्टी ओली झाली, वास आला, वरचा पाय सुजला किंवा शिंगरू अचानक जास्त लंगडलं, तर ठरलेल्या दिवसाची वाट न पाहता लगेच उघडा. रोज सकाळ-संध्याकाळ पट्टीवरून हात फिरवा. एकाच जागी ऊब किंवा ओल लागली तर आत काहीतरी चाललंय.

शल्यविभाग

जखम मोठी दिसते हे अपेक्षित आहे. घोड्याच्या हॉकखालच्या जखमेच्या कडा पहिले दोन आठवडे मागे ओढल्या जातात, कारण तिथे सैल कातडं नाही आणि खाली स्नायूही नाहीत. दोन आठवड्यांनंतरही ती वाढत राहिली तर मात्र विचार करावा लागेल.

धुणं कमी करा. लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात ९ ग्रॅम मीठ, म्हणजे सपाट दीड छोटा चमचा, हेच सलाईन. मोठ्या सिरिंजला १८ नंबरची सुई लावून तिरक्या धारेने धुवा, एवढा जोर पुरतो. नळाच्या जोरदार पाण्याने घाण आत ढकलली जाते. जखम मळलेली असेल तेव्हाच पोव्हिडोन आयोडीन: १० टक्क्यांचं १० मिली एक लिटर सलाईनमध्ये, रंग फिक्या चहासारखा. त्याहून गडद द्रावण, हायड्रोजन पेरॉक्साइड, स्पिरिट, कुठलीही पूड किंवा तेल नको. जंतूंबरोबर नवीन पेशीही मरतात, आणि कडेने येणारं कातडं दिवसाला मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपासच सरकतं. एका चुकीच्या औषधाने आठवड्याची कमाई जाते.

लाल मांसाबद्दल. हाड झाकेपर्यंत ते हवंच आहे. ते कातड्याच्या पातळीवर आलं की थांबायला हवं, पण या जागी ते थांबत नाही आणि वर आलेल्या मांसावर नवीन कातडं चढू शकत नाही. हालचाल आणि साचलेला पू त्याला खतपाणी घालतात. पट्टीखाली ते आणखी जोमाने वाढतं, म्हणून प्रत्येक वेळी पातळी बघायची. वर आलंच तर डॉक्टरांकडून सपाट कापून घ्या. त्यात नसा नसल्याने दुखत नाही, रक्त मात्र भरपूर येतं. म्हणून खालून वर कापतात आणि नंतर दाबपट्टी लागते. कडेची फिकट गुलाबी किनार हे नवीन कातडं, तिला धक्का लावायचा नाही. मोरचूद किंवा कॉस्टिक लावून जाळणं टाळा, त्यात आधी ही किनारच जळते.

उघड्या हाडाचं दुखणं उशिरा कळतं. वरचं आवरण सुकलं की हाडाचा वरचा पापुद्रा मरतो आणि सुटतो. जखम छान भरत असताना एकच भोक उरलं आणि त्यातून पू थांबत नसेल, तर हेच समजा. एक्स-रे तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात काढा, आज काढला तर काही दिसणार नाही.

आणि सांधा. तो वाचला हे कसं ठरवलं, ते डॉक्टरांना विचारा. खात्रीची पद्धत अशी: जखमेपासून दूरच्या बाजूने सांध्यात निर्जंतुक सलाईन भरायचं आणि ते जखमेतून बाहेर येतं का बघायचं. उघडा सांधा निचरा होत असताना फारसा दुखत नाही. तोंड बंद झालं की पू कोंडतो आणि जनावर पाय टेकेनासं होतं. पिवळसर, तार सुटणारा द्राव दिसला, किंवा ताप ३९ अंश सेल्सिअसच्या वर गेला, तर त्याच तासाला फोन करा.

रानवाट

हे फार उपयोगी पडलं, दोघांचेही आभार. सांध्याबद्दल उद्याच विचारते. घरात एन्रोफ्लॉक्सॅसिन (प्रतिजैविक) आणि फेनिलब्युटाझोन (वेदनाशामक) आहे. लंगडणं वाढलं तर डॉक्टर येईपर्यंत देऊ का?

शल्यविभाग

दोन्ही नको. एन्रोफ्लॉक्सॅसिनने वाढत्या शिंगराच्या सांध्यातली कूर्चा खराब होते. फेनिलब्युटाझोनने पोटात व्रण होतात आणि मूत्रपिंडावर ताण येतो. मूत्रपिंडाला तितकंच जड जेंटामायसिन नुकतंच झालंय, त्यामुळे धोका आणखी वाढतो. शिवाय डॉक्टरांनी आधीच एखादं वेदनाशामक चालू केलं असेल तर त्यावर दुसरं चढवायचं नाही. दात खाणं, लाळ गळणं, दूध अर्धवट सोडणं, पाठीवर उताणं पडून राहणं ही व्रणाची लक्षणं, रोज बघा.

खूर_नाल

सगळे जखमेकडे बघतात, म्हणून उरलेल्या पायांबद्दल लिहितो.

घोटा मुडपतो तो तुटलेल्या पुढच्या कंडरेमुळे. मागच्या कंडरा तुटल्या तर घोटा जमिनीकडे बसतो किंवा खुराचं टोक वर उचललं जातं. त्या मानाने हे बरंच बरं. पुढची कंडरा टोकं न जोडताही तंतुमय भरावाने सांधते. तोवर मुडपलेल्या घोट्यावर चालू द्यायचं नाही. पीव्हीसी पाइप उभा चिरून त्याचा अर्धा भाग जाड पट्टीवर मागच्या बाजूने बसवतात, कडा घासून आणि कापूस लावून. बसवायचं काम डॉक्टरांचं, आणि तो रोज काही वेळ काढायचा: शिंगराचा पाय आठवडेच्या आठवडे जखडला की मागच्या कंडरा सैल पडतात. उलट पाय उचलूनच धरला तर त्याच कंडरा आखडतात आणि टाच जमिनीला लागत नाही. उभं असताना टाच टेकते का, हे रोज पाहायचं.

डावा मागचा पाय सगळा भार घेतोय. मोठ्या घोड्यात अशाने खुराचा दाह होतो. शिंगरात पाय वाकतो. चार महिन्यांत घोट्याजवळची वाढ जवळजवळ आटोपलेली असते, पण हॉकच्या वरची चालू आहे. दर आठवड्याला सपाट जमिनीवर, बरोबर मागून, एकाच उंचीवरून फोटो काढा. रोज पाहणाऱ्याच्या डोळ्याला वाक कळत नाही, फोटोत कळतो.

आई आणि पिल्लू एकाच ठाणात, साधारण ४ बाय ४ मीटर, खाली जाड अंथरूण. पट्टी करताना घोडी त्याला दिसेल अशी बांधा. शिंगराला म्होरकीला ओढून धरू नका. एक हात छातीपुढून, दुसरा पुठ्ठ्यामागून, आणि भिंतीला टेकवून उभं करा. ठाणात सहा ते आठ आठवडे तरी जातील. बाहेर काढायचं ते घोटा मुडपणं थांबल्यावर, तेही आईला हाताने चालवत, सुरुवातीला पाचच मिनिटं. मोकळं सोडलं तर ते पहिल्या मिनिटात उधळतं आणि नवा भराव तिथेच फाटतो.